कुर्दी भाषाविषयक धोरण (तुर्कस्तान)

तुर्कस्तानात तुर्कीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा कुर्दी. तरी कायद्याच्या लेखी ती अल्पसंख्याकांची भाषा नाही. याचे मूळ पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रांत झालेल्या १९२३च्या लोझान तहात सापडते. त्यात अल्पसंख्य म्हणून संरक्षण मिळाले ते फक्त बिगर-मुस्लिमांना, आणि कुर्द बहुतांशी मुस्लिम. व्यापार, वृत्तपत्रे, सभा यांत कोणत्याही नागरिकाला कोणतीही भाषा वापरता येईल, असे त्याच तहाचे ३९वे कलम सांगते. ते कागदावरच राहिले. १९२४मध्ये शिक्षण एकाच मंत्रालयाखाली आले आणि जिथे कुर्दीतूनही शिकवले जाई ते मदरसे बंद झाले.

या धोरणाची खरी खुबी म्हणजे कुर्दीचे नावच न घेणे. १९८३चा २९३२ क्रमांकाचा कायदा हा त्याचा कळस. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची ‘पहिली राजभाषा’ सोडून इतर भाषेत विचार मांडण्यास आणि प्रकाशित करण्यास त्याने बंदी घातली. इराकमध्ये कुर्दीला काही स्थान होते, पण पहिले स्थान अरबीचे. म्हणजे कुर्दीचा उल्लेखही न करता ती बरोबर कचाट्यात सापडली. हा कायदा एप्रिल १९९१मध्ये रद्द झाला. त्याच नोव्हेंबरात कुर्द नेत्या लैला झाना यांनी खासदारकीच्या शपथेनंतर बंधुभावाचे एक वाक्य कुर्दीत उच्चारले आणि सभागृहात गदारोळ उसळला.

अक्षरांचीही अशीच गत. १९२८च्या तुर्की वर्णमालेत क्यू, डब्ल्यू आणि एक्स नाहीत, कुर्दीच्या रोमन लिपीत मात्र आहेत. त्यामुळे ‘नेवरोज’ हा सणाचा शब्द पत्रकावर डब्ल्यू घालून छापला, तर खटला होऊ शकत असे. ही आडकाठी २०१४मध्ये दूर झाली.

युरोपीय संघाच्या प्रवेशाची आशा असताना थोडी मोकळीक आली: २००२मध्ये खाजगी वर्गांना परवानगी, २००४मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तर १ जानेवारी २००९पासून सरकारी प्रसारण संस्थेची (टीआरटी) ‘टीआरटी ६’ ही पूर्ण वाहिनी; २०१५पासून तिचे नाव ‘टीआरटी कुर्दी’. आधीच्या नावातल्या सहाला कुर्दीत ‘शेश’ म्हणतात. संस्कृत ‘षष्’चे हे दूरचे भावंड. २०१२पासून पाचवीच्या पुढे आठवड्याला दोन तास कुर्दी ऐच्छिक विषय म्हणून घेता येते, पण किमान दहा विद्यार्थी हवेत आणि विषयाचे नाव ‘जिवंत भाषा आणि बोली’. मातृभाषा म्हणून तुर्कीखेरीज दुसरी भाषा शिकवण्यास मनाई करणारे राज्यघटनेचे ४२वे कलम जागच्या जागी आहे. २०१६च्या फसलेल्या उठावानंतर तर आणीबाणीच्या हुकुमांनी अनेक कुर्दी वृत्तपत्रे आणि संस्थाही बंद पडल्या.

संसदेत कोणी कुर्दीत बोलले, की इतिवृत्तात ते शब्द येत नाहीत. तिथे एक्सची खूण करून, वक्त्याने तुर्कीखेरीज इतर शब्द उच्चारले, अशी तळटीप दिली जाते. एक्स, म्हणजे तुर्की वर्णमालेत नसलेलेच अक्षर.