वन पिंगळा: 'स्ट्रे फेदर्स'पासून मेळघाटापर्यंत

मेळघाटच्या सागवनात दिसणाऱ्या वन पिंगळ्याचे, म्हणजे एका छोट्या घुबडाचे, पहिले शास्त्रीय वर्णन १८७३ साली 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून आले. फक्त पक्ष्यांना वाहिलेले हे नियतकालिक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७२ साली सुरू केले. ह्यूम तेव्हा महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव होते; पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच. वर्णनाचा नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी बसना-फुलझर भागातून, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या पूर्वेकडून मिळवला होता. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविट आजही आहेत.

या नियतकालिकाच्या अंकांचा कस होता तो जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या कातड्यांवर (जपून ठेवलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांवर) आणि टिपणांवर. पंख, शेपटी, पाय, चोच यांची मापे पक्षी ताजा असतानाच घ्यायची, कारण कातडे वाळले की आक्रसते. बुबुळाचा रंग लगेच लिहायचा. डोळे काढून टाकावे लागतात, मागाहून कुणाला विचारणार? पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख नसेल, तर कातडे फक्त शोभेचे.

ह्यूम यांची हस्तलिखिते नोकराने रद्दीत विकली, त्यांचे मन उडाले, आणि १८८५ साली त्यांनी अख्खा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. 'स्ट्रे फेदर्स'चा अकरावा खंड १८८८ चा. १८९९ साली सूची निघाली आणि विषय संपला.

चिठ्ठीची खरी किंमत कळली ती शंभर वर्षांनी. ब्रिटिश अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात वन पिंगळे जमवले होते. त्यानंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नव्हता. डेव्हिडसन यांच्या नमुन्यांतला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी म्युझियममधून चोरला, नव्याने भरला आणि 'मांडवी, गुजरात, १९१४' अशी चिठ्ठी लावली. शोधणारे तिकडे भटकत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही बनवाबनवी उघडी पाडली, खोटी नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरली. पूर्वेकडे काही मिळाले नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी भरदिवसा समोर बसलेला सापडला. त्यानंतर काही वर्षांतच मेळघाटात नोंदी झाल्या.

इथे घोटाळा होतो तो साध्या पिंगळ्याशी. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात; वन पिंगळ्याचे डोके जवळपास कोरे, शेपटीवरचे पट्टे मात्र रुंद. डोके आणि शेपटी दोन्ही दिसणारा फोटो, तारीख आणि जवळच्या गावाचे नाव, एवढे तरी नोंदीत हवेच. नुसते 'मेळघाट' लिहून भागत नाही.