घरबांधणीसाठी पायाभूत सुविधांचा निधी (बेळगाव)

शेतजमिनीचे प्लॉट पडून वस्ती होताना रस्ता, गटार, पाणी व वीज यांचा खर्च कोणी आणि केव्हा भरायचा, याची व्यवस्था. खर्चाचे दोन भाग पडतात. लेआउटच्या हद्दीतली कामे जमीनमालक किंवा विकसक करतो. हद्दीबाहेरची मुख्य जलवाहिनी, मलवाहिनी, टाकी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र ही कामे सार्वजनिक पैशांतून होतात. भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या भागावरूनच होते.

रीतसर वाट अशी: पहाणी उतारा (आरटीसी), म्हणजे कर्नाटकातला सातबारा, 1964 च्या भू-महसूल कायद्याच्या कलम 95 खाली बिनशेती, म्हणजे बोलीतले ‘डीसी (जिल्हाधिकारी) कन्व्हर्जन’, मग 1961 च्या नगररचना कायद्याच्या कलम 17 खाली नगरविकास प्राधिकरणाची, म्हणजे बुडाची मंजुरी. मंजुरीसोबत विकास शुल्क आणि कलम 18-ए चे पाणीपुरवठा, रिंगरोड, झोपडपट्टी सुधारणा हे अधिभार भरावे लागतात. कामे झाली की रस्ते आणि मोकळ्या जागा महानगरपालिकेकडे हस्तांतरित होतात व प्लॉटधारकाला ई-खाते, म्हणजे मालमत्तेचा संगणकीय नोंद-उतारा, मिळतो. कागद कन्नडमधून असतात. सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्रफळ कन्नड वाचणाऱ्याकडून पडताळून घेतलेले बरे.

हिशेब मांडला की ओझे कळते. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. रस्ते, उद्याने व नागरी सोयी वगळून 55 टक्के जागा घरांसाठी उरली असे धरले, तर 30 बाय 40 फुटांचे जेमतेम 19 प्लॉट निघतात. प्लॉटमागे 5 माणसे आणि माणशी 135 लिटर धरल्यास रोज 12,825 लिटर पाणी लागते आणि त्यातले 80 टक्के, म्हणजे 10,260 लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते. दहा एकरांचा लेआउट रोज लाखभर लिटर सोडतो. मुख्य मलवाहिनी नसेल तर ते नाल्यात जाते. बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारातून वाहतो. शहराने न केलेला खर्च तिथला शेतकरी भरतो.

बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या धरणांतून येते. हिडकलचे पाणी पंपाने वर चढवावे लागते. भांडवली अनुदानात पंप येतो, वीजबिल येत नाही. ते पाणीपट्टीतून किंवा महापालिकेच्या तिजोरीतूनच निघावे लागते.

मोठ्या कामांचा पैसा तुकड्यातुकड्यांनी जमतो. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 या शहरांच्या पाणी व सांडपाण्याच्या केंद्रीय योजनेत केंद्राचा वाटा लोकसंख्येवर ठरतो: एक लाखाच्या आतील शहराला निम्मा, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश. म्हणून निपाणीला निम्मा आणि बेळगावला एक तृतीयांश. उरलेला भाग राज्य आणि नगरसंस्था यांनी उभा करायचा. हप्ते 20, 40, 40 टक्के असे येतात आणि आधीच्या पैशाचा विनियोग दाखवल्याशिवाय पुढचा सुटत नाही. जागा ताब्यात नसताना निविदा काढली की काम पहिल्या हप्त्यावरच अडकते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातले 60 टक्के पाणी व स्वच्छतेलाच बांधलेले होते. कर्ज आणि परकीय साहाय्याचे प्रकल्प 1993 मध्ये स्थापन झालेले राज्याचे नागरी पायाभूत विकास व वित्त महामंडळ हाताळते. बेळगावातील चोवीस तास पाण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीने त्याच मार्गाने आली. 2016 च्या पहिल्या स्मार्ट सिटी यादीतही बेळगाव होते, पण ती कामे मुख्यतः जुन्या शहरात झाली. उपनगरांच्या नळांचा प्रश्न वेगळा.

चूक बहुधा क्रमात होते. सर्वांत खोल मलवाहिनी, तिच्यावर पाणी, मग वीज, शेवटी डांबर असा क्रम हवा. गिऱ्हाइकाला दाखवायला आधी डांबर पडते आणि वर्षात तोच रस्ता उकरला जातो. मलवाहिनीला उतार लागतो: 150 मीटरला 1 मीटर धरला तर 600 मीटरवर नळ 4 मीटर अधिक खोल जातो. सपाट शिवारात मग खोदाई परवडेनाशी होते आणि सांडपाणी उपसणारे पंपघर बांधावे लागते. अंदाजपत्रकात ते बहुतेकदा विसरलेले असते.

दुसरी अडचण हस्तांतराची. विकसकाने रस्ते सुपूर्द केलेच नाहीत तर पथदिवा बंद पडला, बोअरची मोटार जळली, की रहिवाशांनाच वर्गणी काढावी लागते. बाँडवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय नुसत्या मुद्रांक कागदावर, घेतलेल्या 20 बाय 30 च्या प्लॉटांची गत याहून वाईट. तिथे मंजुरी नाही, म्हणून विकास शुल्कही जमा झालेले नाही. घरे मात्र उभी असतात आणि गटारीची मागणी नगरसेवकाकडे जाते. अशा मालमत्तांना बी-खाते मिळते. त्याने कर भरता येतो, लेआउट मंजूर होत नाही.

प्लॉट घेण्यापूर्वी मंजूर नकाशा, शुल्काच्या पावत्या व हस्तांतराचा दस्त मागावा. लेआउटच्या फाटकाजवळचे शेवटचे मॅनहोल पालिकेच्या वाहिनीला जोडलेले आहे की शेजारच्या शेतात उघडे सोडले आहे, ते पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहावे.