रोडगे, वरण आणि बँकेची रात्र

"काहून बापू, पैसे काहून नाई आले? पितरपाखात कॉम्प्युटरबी आडते म्हन्ते."

१ ऑक्टोबर २०२४ची सकाळ, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका बँक शाखेतली रांग. काकाजींच्या हातात पासबुक होतं आणि अनुदानाची नोंद अजून पडलेली नव्हती. आदल्या वर्षीही याच दिवसांत असंच झालं होतं, म्हणून त्यांची खात्री पटलेली. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी ३० सप्टेंबर पितृपक्षात आला हे खरंच आहे. पण ३० सप्टेंबर म्हणजे तिमाही आणि सहामाहीही संपण्याचा दिवस. २०२५मध्ये सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरलाच होऊन गेली, तरी ३० तारखेचा भार काही तिच्याबरोबर सरकला नाही. पितरांना यात ओढू नये. अडतं ते रात्रीच्या कामांच्या साखळीत, आणि ती साखळी मी अनेक वर्षं रात्रपाळीत डोळ्यांसमोर पाहिली आहे.

शाखेचं शटर पडलं की बँकेचं दुसरं काम सुरू होतं. दिवसभराचे व्यवहार जुळवायचे, व्याज मोजायचं, थकीत कर्जं तपासायची, बाहेरून आलेल्या फायली खात्यांत उतरवायच्या, सकाळचे अहवाल काढायचे. यातलं प्रत्येक काम म्हणजे एक 'जॉब', आणि माणसाचा हात न लागता ओळीने चालणारा असा गठ्ठा म्हणजे 'बॅच'. बचत खात्याचं व्याज १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिल्लकेवर मोजलं जातं. तिमाही संपली की ते लाखो खात्यांत जमा करायचं म्हटल्यावर त्या रात्री गठ्ठा फुगणारच. दिवसाही बॅच असतेच. एनईएफटीचे, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवलेले पैसे दर अर्ध्या तासाने निघतात, दिवसाला ४८ फेऱ्या. एक फेरी हुकली की एसटी हुकल्यासारखं पुढच्या फेरीची वाट पाहायची.

आता मुख्य प्रश्न. रात्री बारा वाजताच सांगता येईल का, की आज सकाळी उशीर होणार?

बहुतेक जण प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ घेतात, ओळीने बेरीज करतात आणि सर्वांत लांब वाट किती वेळाची ते पाहतात. १९५०च्या दशकात मोठ्या प्रकल्पांसाठी हीच रीत निघाली. अमेरिकी नौदलाने १९५८मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी वापरलेली 'पर्ट' पद्धत याच घराण्यातली. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. ही खोट मला पहिल्यांदा नीट कळली ती कॉम्प्युटरवर नाही, शेतातल्या रोडग्यांच्या जेवणात.

आमराईत एकीकडे गोवऱ्यांच्या आगटीत कणकेचे रोडगे, दुसरीकडे वांग्याच्या भाजीची कढई, तिसरीकडे वरणाचं गंज, म्हणजे मोठं पातेलं. तिघांनाही साधारण सारखाच वेळ. पण पंगत बसते ती तिन्ही झाल्यावरच. भाजी वीस मिनिटं आधी झाली म्हणून कोणी वीस मिनिटं आधी जेवत नाही. रोडगे मात्र वीस मिनिटं मागे राहिले की सगळी पंगत वीस मिनिटं मागे. जिथे वाटा एकत्र येतात तिथे लवकर झालेल्या कामाचा फायदा वाया जातो आणि उशिराचा तोटा पुरता पुढे जातो.

हे आकड्यांत पाहा. एक काम निम्म्या रात्रींत ४० मिनिटांत होतं आणि निम्म्या रात्रींत ६० मिनिटांत. सरासरी ५०. अशी दोन कामं एकदम सुरू झाली आणि तिसरं काम दोघांच्या भरवशावर बसलं. त्याला किती वेळ थांबावं लागेल? सगळे म्हणतील, ५० मिनिटं. पण दोन्ही कामं ४० मिनिटांत आटोपतील अशी रात्र चारातली एक. उरलेल्या तीन रात्री कोणी ना कोणी ६० घेणारच. म्हणजे सरासरी थांबणं ५५ मिनिटांचं. तीन कामं असली तर साडेसत्तावन्न. एकही काम हळू झालेलं नाही, कुठे बिघाड नाही, आणि तरी उशीर निपजला. तो नुसत्या सांध्यातून आला.

दुसऱ्या बाजूने पाहा. सकाळचा अहवाल दहा फायलींसाठी थांबतो, प्रत्येक वेळेवर यायची खात्री ९५ टक्के. दहाही वेळेवर यायची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे जेमतेम ६० टक्के. वीस फायली असल्या तर ३६ टक्के. 'आमची फाईल तं नेहमीच टायमावर असते' हे प्रत्येक विभागाचं म्हणणं खरं असतं, आणि तरी सकाळी अहवाल अडकलेला असतो.

मात्र हा गुणाकार एका अटीवर उभा आहे: कामं एकमेकांपासून सुटी हवीत. प्रत्यक्षात ती एकाच डिस्कवर, एकाच डेटाबेसवर तुटून पडतात. महिनाअखेरीला एक लांबलं की बहुधा सगळीच लांबतात. मग चांगल्या रात्री हिशेबापेक्षा जास्त निघतात, आणि वाईट रात्र आली की सगळीकडूनच येते. म्हणून मी सूत्र सोडून जुन्या रात्रींची नोंदवही उघडायचो. मागच्या नव्वद रात्रींतली एक चिठ्ठी काढायची, त्या रात्रीचे सगळ्या कामांचे वेळ एकत्रच उचलायचे, आजच्या साखळीत भरायचे आणि शेवट किती वाजता होतो ते लिहायचं. असं हजारो वेळा. स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९४०च्या दशकात रुजवलेली मॉन्टे कार्लो पद्धत ती हीच. एकेका कामाचा वेळ वेगवेगळ्या रात्रींतून उचलला तर त्यांचं आपसातलं नातं तुटतं आणि अंदाज चुकतो. तिमाहीअखेरच्या रात्री तिमाहीअखेरच्या चिठ्ठ्यांतूनच काढाव्या लागतात, आणि त्या वर्षाला चारच असतात. तिथे मग खात्यांची संख्या किती वाढली ते पाहून वेळ ताणावा लागतो.

रात्र पुढे सरकते तसा अंदाज बदलायला हवा, हे तर फारच थोडे करतात. वरचंच काम घ्या. सुरू होऊन ४१ मिनिटं झाली आणि ते संपलेलं नाही. आता सरासरी ५० म्हणून 'नऊ मिनिटं उरली' म्हणणं चूक आहे. ४०वाली रात्र निघून गेली, आज ६०वाली आहे, उरली आहेत १९ मिनिटं. काम न संपणं हीच एक बातमी असते.

आजकाल कोणी येतो आणि 'एआय लावा, उशीर आपोआप कळेल' म्हणून महागडी वस्तू विकून जातो. कोणतं काम कोणासाठी थांबतं याचा नकाशाच जिथे धड नाही, तिथे ती वस्तू काय करणार? कित्येक ठिकाणी अजून नुसतं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करून देणारा प्रोग्राम असतो. तो घड्याळ पाहतो. दोन वाजले की काम सुरू, आधीचं झालं असो की नसो. अर्धवट फाईल उचलली जाते आणि सकाळी गोंधळ.

काकाजींना मी एवढं सगळं नाही सांगितलं. रोडग्यांचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे वरनाचं गंज आंधी चढवाव लागते जी." बरोबर. प्रत्येक कामामागे दहा-दहा मिनिटं राखून ठेवण्यापेक्षा सांध्याच्या तोंडाशी मोकळी जागा ठेवायची, आणि ज्या कामाचा भरवसा कमी ते आधी चढवायचं. त्यांच्या खात्यात पैसे दुपारी दीडला पडले.