सांगली-मिरजेत घोड्यांचं रान गेलं कुठं?

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात घोडेमालकांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, आमचं गायरान घरांनी खाल्लं. राग खोटा नाही, पण शहराच्या हद्दीत घोडी चरायची ती जागा बहुतेक ठिकाणी गायरान नव्हतीच आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. कारण गायरान असतं तर सातबारावर नोंद असती, ग्रामपंचायतीचा ठराव असता, कुणीतरी कोर्टात गेलं असतं. इथं काय गेलं हे दाखवायला कागदच नाही.

संस्थानी काळ थोडक्यात उरकतो, कारण त्याचा आजच्या भांडणाशी फारसा संबंध नाही. इथल्या पटवर्धन संस्थानिकांच्या फौजेत पागा होत्या, पागांसाठी राखीव कुरणं होती, १९४८ ला संस्थानं विलीन झाली आणि राखीव गवताला विचारणारा धनीच राहिला नाही. पुढं घोडा राहिला तो टांग्यापुढं. सांगली-मिरज रस्ता, मिरज स्टेशन, दवाखान्यात आलेले पेशंट, उरुसाची गर्दी, यावर टांगे चालायचे. रिक्षा वाढल्या तसे टांगे कमी झाले, घोडी मात्र एकदम संपली नाहीत. ती वरातीत गेली, घोडागाडीच्या शर्यतीत गेली, थोडी हौसेखातर राहिली. टांगेवाला, वरातवाला, शर्यतवाला, यांच्यात एक गोष्ट सारखी, ती म्हणजे घोडं आहे पण रान नाही. मालक राहणार गल्लीत, दोन खोल्यांत, घोडं बांधणार दारात नाहीतर बोळात, आणि काम संपलं की चरायला सोडणार गावाबाहेर.

हे गावाबाहेर म्हणजे नेमकं कुठं? एक, कृष्णाकाठची मळी, पूर ओसरला की तिथं हरळी फुटते. दोन, कुपवाडच्या बाजूचा माळ, जिथं मुरूम आणि कुसळ. तीन, शहराच्या कडेची पड रानं, म्हणजे मालक आहे पण पेरत नाही. या तिन्हीतलं बरंचसं खाजगी मालकीचं. मालकाला विचारलेलं असायचं किंवा नसायचं, घोडं चरलं तर लीद पडते, नुकसान काही नाही, असा तो तोंडी कारभार.

आता कायद्याचं बघा. जमीन महसूल संहिता १९६६ ची, त्यात कलम २२ नुसार गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. पण लगेच पुढचं कलम २३ सांगतं की त्या जमिनीवर चारायचा हक्क फक्त ज्या गावाला ती जमीन नेमून दिली त्याच गावच्या जनावरांना. म्हणजे मिरजेतल्या टांगेवाल्याचं घोडं शेजारच्या गावच्या गायरानात गेलं तर ते कायद्यानं पाहुणं, तेही न बोलावलेलं. इंग्रजांच्या १८७९ च्या महसूल कायद्यातही साधारण हीच मांडणी होती. गंमत अशी की १८७१ च्या कॅटल ट्रेसपास कायद्यात घोडा, घोडी, तट्टू, शिंगरू सगळ्यांची नावं घालून त्यांना गुरांत धरलंय, त्यामुळं कोंडवाड्यात घालायला आणि दंड घ्यायला घोडं बिनबोभाट पात्र. चराईचा हक्क मागायला गेलं की मात्र पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या गावचे?

पण खरा घाव घातला गुंठेवारीनं, म्हणजे शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विनापरवाना विकण्यानं, आणि यावर जरा सविस्तर बोलायला पाहिजे कारण बातम्यांत हा भाग कायम एका ओळीत उरकतात.

१९४७ चा तुकडेबंदीचा कायदा होता, शेताचे बारीक तुकडे करून विकता येत नव्हते. १९७६ ला नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, तो सांगली-मिरजेलाही लागू होता. शहरालगत माळ असणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकच धास्ती, जास्तीची जमीन सरकार घेणार आणि हातात काही येणार नाही. मग त्यानं काय केलं, तर माळाचे गुंठे पाडले आणि स्टॅम्प पेपरवर विकून टाकले. घेणारा कोण, तर कामगार, हमाल, शिक्षक, दुष्काळी भागातून आलेला माणूस, ज्याला एनए, म्हणजे रीतसर बिगरशेती केलेला, प्लॉट कधीच परवडणार नव्हता. सातबारावर नाव जुन्याच मालकाचं, ताबा नव्या माणसाचा, रस्ता दहा-पंधरा फुटांचा नाहीतर नुसता कागदावर. शामरावनगरसारखे भाग असेच वसले आणि पावसाळ्यात तिथं पाणी का तुंबतं ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

१९९८ ला तिन्ही शहरांची मिळून महापालिका झाली आणि हे सगळं एका हद्दीत आलं. तोवर इतकी घरं झाली होती की पाडणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला, १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट शुल्क भरून नियमित करून घ्या म्हणाला. हा निर्णय बरोबर की चूक यावर इथं अजून भांडणं होतात. राहणाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर दुसरा रस्ता नव्हता, पाणी, गटार, लाईट, बँकेचं कर्ज सगळं प्लॉट नियमित झाल्याच्या दाखल्यावर अडलेलं. पण एक गोष्ट तेव्हा कुणी हिशेबात धरली नाही असं माझं मत आहे. रीतसर लेआऊट मंजूर करायचा तर मोठ्या जमिनीत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गुंठेवारीत ती सोडलेलीच नव्हती आणि नियमित करताना ती आणणार कुठनं? घरं अधिकृत झाली तशी मोकळी जागा नसणंही अधिकृत झालं. पोरांना खेळायला जागा राहिली नाही ही तक्रार निदान सभागृहात मांडली तरी गेली, घोड्याचं तर नावच कुठं नव्हतं. पुढं २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख थेट ३१ डिसेंबर २०२० वर नेली. म्हणजे मधल्या वीस वर्षांत ज्यानं नियम मोडून माळ विकला त्याचंही खपून गेलं आणि ज्यानं पड रान पडच ठेवलं तो येडा ठरला.

बिल्डर बिल्डर म्हणून ओरडतात ते म्हणून अर्धंच खरं आहे. मोठ्या स्कीमा नंतर आल्या. त्याच्या आधीच माळ गुंठ्या-गुंठ्यानं गेला होता आणि घेणारी माणसं घोडेवाल्यांसारखीच हातावर पोट असणारी होती, त्यामुळं मोर्चा काढायचा तरी कुणाच्या दारात?

पाण्यानंही हातभार लावला. म्हैसाळ, ताकारीच्या उपसा सिंचन योजनांचं पाणी फिरलं तशी शहराबाहेरची माळरानंही ऊस आणि द्राक्षाखाली गेली. ज्वारी कमी झाली म्हणजे कडबा कमी झाला आणि महाग झाला. बाजारात स्वस्त मिळतं ते उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. म्हशीला ते चालतं, घोड्याचं तसं नाही. घोडं रवंथ करत नाही, त्याला थोडं थोडं करून दिवसरात्र चघळायला लागतं, मोकळं सोडलं तर दिवसाचे चौदा-सोळा तास ते चरण्यातच घालवतं. एकाच टायमाला ढीग टाकला नाहीतर नुसत्या चंदीवर, म्हणजे दाण्यावर ठेवलं की पोटात कळ येऊन लोळायला लागतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते रोज रोज घातलं तर हाडातलं कॅल्शियम कमी होतं. तीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सहा किलो सुकी वैरण लागते, वर्षाची दोन टनांच्या पुढं. ही सगळी विकत घ्यायची तर वरातीच्या सीझनची कमाई वैरणीतच जाते.

मग पूर. २००५ ला आला, २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत. प्रत्येक पुरानंतर माणसं उंचावर जागा शोधायला लागली, आणि उंचावर म्हणजे तोच उरलेला माळ. मळी पूरपट्ट्यात असल्यानं तिथं बांधकामाला अडचण, म्हणून ती घोड्यांना राहील असं वाटेल, पण मळीत मालकांनी ऊस लावलाय आणि पुराचा गाळ बसला की काही आठवडे तिथं जनावर सोडता येत नाही.

रान संपलं तशी घोडी रात्री रस्त्यावर दिसायला लागली. पाय बांधून सोडायची पद्धत जुनी आहे, माळावर ती ठीक होती, शंभर फुटी रोडवर ती अपघाताला आमंत्रण. मोकाट घोड्यांच्या तक्रारी, पकडापकडी, दंड हे सगळं त्यानंतरचं आहे, आणि लोकांना घोडेमालक माहीत झाले ते नेमके याच बातम्यांतून. तक्रार करणाऱ्याचं चुकत नाही, अंधारात गाडीपुढं घोडं आलं तर दोघंही जातात. देशभरातही घोड्यांचं असंच चाललंय, २०१२ च्या पशुगणनेत घोडी-तट्टं सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९ ला ३ लाख ४० हजारांवर आली. त्याला यंत्रं, रिक्षा, बंद पडलेले धंदे अशी बरीच कारणं आहेत, सगळं चराईच्या डोक्यावर फोडता येणार नाही.

शेजारच्या गावच्या गायरानातला तुकडा घोड्यांसाठी द्या ही मागणी मधून मधून होते. पण गायरान दुसऱ्या कामाला द्यायला संहितेच्या कलम २२अ नं बंदी आहे, सार्वजनिक प्रकल्पासारखे अपवाद सोडले तर. शिवाय २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनी अतिक्रमणातून मोकळ्या करा म्हणून सांगितल्यापासून ग्रामपंचायती या विषयात हात घालायला कचरतात. त्यात शहरातल्या घोड्यासाठी आपलं गायरान कोण देईल?

सध्या चराई उरलीय ती गुंठेवारीतल्याच रिकाम्या प्लॉटवर. प्लॉट घेऊन ठेवलेत, दाखला नाही, कर्ज नाही, म्हणून घर नाही, तेवढ्यात हरळी उगवते. जिथं गाजर गवत माजलंय तिथं घोडं तोंड लावत नाही. काही मालक प्लॉटवाल्याला फोन करून विचारतात, बरेच विचारत नाहीत. २०२५ मध्ये छोट्या तुकड्यांचे अडकलेले व्यवहार नियमित करायची घोषणा सरकारनं केली. ते झालं की सातबारावर नाव लागेल, बँक कर्ज देईल, आणि पहिलं काम कंपाऊंडचं निघेल.