ख्रिस्ती कुटुंबातील पित्याचे स्थान

ख्रिस्ती परंपरेने वडिलांना घरचा कर्ता मानले आणि मुलांचा पहिला धर्मशिक्षकही मानले. चर्चा होते ती बहुतेक कर्तेपणाची, म्हणजे बायकोने आणि मुलांनी त्याचे किती ऐकावे याची. पण शतकानुशतकांची प्रवचने, धर्मशिक्षणासाठी लिहिलेली प्रश्नोत्तरे आणि घरगुती प्रार्थना पाहिल्या तर बापाच्या अधिकारापेक्षा त्याच्या जबाबदारीबद्दलच अधिक लिहिलेले सापडते.

याचे मूळ यहुदी धर्मात आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (६:४) बापांना बजावले, की मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा. कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) त्याने कारणही दिले : तसे केल्यास मुले खिन्न होतील. हे ज्या काळात लिहिले गेले तेव्हा रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती. जन्मलेले मूल घरात घ्यायचे की टाकून द्यायचे हेसुद्धा तोच ठरवी. मुलांनी आज्ञा पाळावी हे तेव्हा कोणीही सांगे. बापाने हात आखडावा, मुलाच्या मनाचा विचार करावा, हे सांगणारे थोडे होते. याच बायबलमधल्या नीतिसूत्रांत (१३:२४) छडी आवरणारा बाप मुलाचा द्वेष करतो असे वचन आहे. त्याचा आधार घेऊन अनेक ख्रिस्ती घरांत मुलांना बेदम मारले गेले. पौलाची ताकीद बाजूला सारूनच ते करता आले.

चौथ्या शतकातील धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम यांनी मुलांच्या संगोपनावर स्वतंत्र लेखन केले. त्यांचा सल्ला असा, की मुलाला माराची भीती असावी, पण सतत मार देऊ नये. रोज मिळणाऱ्या माराची त्याला सवय होते. बापाने रात्रीच्या जेवणाच्या वेळी काइन आणि हाबेल या बायबलमधल्या दोन भावांची गोष्ट सांगावी, आईनेही ती पुन्हा सांगावी, मग मुलाकडून ती वदवून घ्यावी. इतके बारकाईचे, घरातले मार्गदर्शन त्या काळच्या लेखनात विरळाच सापडते.

कॅथलिक पंथात पित्याचा आदर्श म्हणजे येशूच्या आईचा, मरियेचा, पती संत योसेफ. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, त्याच्या तोंडचे एकही वाक्य नाही. स्वप्नात सूचना मिळताच तो रातोरात उठतो, बाळ येशूला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर (इजिप्त) देशाकडे निघतो. त्याची ओळख अशा कृतींतूनच होते. पोप नववे पायस यांनी १८७० मध्ये त्याला अखिल चर्चचा आश्रयदाता घोषित केले. त्या घटनेला १५० वर्षे झाली तेव्हा, ८ डिसेंबर २०२० रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या पितृत्वावर पत्र प्रसिद्ध केले. १९ मार्च हा त्याचा सण. इटली, स्पेन व पोर्तुगालमध्ये पितृदिन त्याच दिवशी असतो.

प्रॉटेस्टंट पंथात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचे घर हाच पुढे नमुना ठरला. १५२२ मध्ये, स्वतः अविवाहित असताना, विवाहित जीवनावर लिहिताना ल्यूथर म्हणतात, की बाप पोराचे लंगोट धुऊ लागला तर लोक त्याला बायक्या म्हणून हसतील. पण तो ते काम श्रद्धेने करत असेल तर देव आणि सगळे देवदूत त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतात. १५२५ मध्ये त्यांनी काथारिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले आणि त्यांना सहा मुले झाली. लहानपणी त्यांनी स्वतः घरी पुष्कळ मार खाल्ला होता. छडीच्या शेजारी सफरचंदही असावे, असे ते नंतर सांगत. १५३० मध्ये घरापासून दूर असताना चार वर्षांच्या मुलाला, हान्सला, त्यांनी पत्र पाठवले. त्यात एक सुंदर बाग आहे, सोनेरी कपडे घातलेली मुले तिथे सफरचंदे आणि चेरी गोळा करतात, सोन्याचा लगाम आणि चांदीचे खोगीर असलेल्या तट्टांवर बसतात. प्रार्थना करणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या मुलाला तिथे जाता येते. १५२९ ची त्यांची छोटी प्रश्नोत्तरी घरच्या कर्त्याने मुलांना आणि नोकरचाकरांना सोप्या शब्दांत शिकवावी म्हणूनच लिहिली होती. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियमच केले; समज देऊनही ती टाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर व द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवण्याची त्यात तरतूद होती.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात अनेकदा घरातल्या पुरुषाने आधी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातली फरफट ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे. ती वाचल्यावर कर्त्याच्या निर्णयाची किंमत घरात कोण मोजते हे कळते. मराठी प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले एखादे गीत, शास्त्रपाठ आणि प्रार्थना अशी कौटुंबिक उपासना होते, ती सहसा वडील चालवतात. गोव्यातल्या कॅथलिक घरांत सांजेला तेर्स, म्हणजे रोझरी (जपमाळेची प्रार्थना), होते आणि ती संपली की मुले वडीलधाऱ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. पण जिथले बाप पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर किंवा आखातात नोकरीला गेले, तिथे तेर्स घ्यायची आणि मुलांना शिस्त लावायची ती आईनेच. कर्तेपणाच्या पुस्तकी वर्णनात या बायकांना जागा मिळालेली नाही.

कॅथलिक बाप्तिस्म्यात पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवायची असते. ती बहुधा वडील किंवा धर्मपिता पेटवतो. विधीच्या शेवटी आधी आईला, मग वडिलांना आशीर्वाद दिला जातो. वडिलांच्या आशीर्वादात आईबाप दोघेही मुलाचे श्रद्धेतले पहिले शिक्षक आहेत असे स्पष्ट म्हटले आहे.

भारतीय कायद्यात मात्र पित्याचे झुकते माप अजून दिसते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता, मुलेबाळे मागे न ठेवता वारली, तर विधवा किंवा विधुर जोडीदाराचा वाटा वगळून उरलेली मालमत्ता पित्याला मिळते. तो हयात असेल तर आईला काहीच मिळत नाही. हा सरळ अन्याय आहे. मुलगा-मुलगी यांच्यात हा कायदा भेद करत नाही. गोव्यात पोर्तुगीज वारशाने आलेल्या नियमांमुळे मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. बाप रागावून सगळे दुसऱ्याला देऊ शकत नाही. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती आईच्या याचिकेवर निकाल दिला : पित्याचे नाव उघड न करता, त्याला नोटीस न पाठवता तिला आपल्या मुलाचे पालकत्व मागता येते.