गालावरची सावली की गालावरचा डाग?

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग (1834–1918) यांचा एक प्रयोग घरच्या टेबलावरही करून पाहता येतो. पांढऱ्या कागदावर एखाद्या वस्तूची मऊ कडेची सावली पडू द्यावी आणि तिची पुसट होत जाणारी कड पूर्णपणे झाकली जाईल अशी जाड काळी रेघ तिच्याभोवती ओढावी. कागद तोच, दिवा तोच, आतल्या भागाकडून डोळ्यांत येणारा प्रकाशही तेवढाच. तरीही रेघ पूर्ण होताच तो भाग सावली वाटेनासा होतो आणि तिथे कोणी करडा रंग फासला आहे असे दिसू लागते. चेहऱ्याला उठाव देण्यासाठी गडद पावडरीने किंवा क्रीमने केले जाणारे काँटूरिंग नैसर्गिक दिसते की नाही, याचे बरेचसे उत्तर या प्रयोगात आहे. फक्त दिशा उलटी आहे: हेरिंग यांनी सावलीचा डाग करून दाखवला, काँटूर करणाऱ्याला रंगाच्या डागाची सावली करायची असते.

डोळ्याच्या पडद्यावर उमटणारे चित्र सपाट असते. त्यात एखादी जागा काळसर दिसली तर मेंदूला दोन शक्यतांमधून निवड करावी लागते. एक तर तिथला पृष्ठभागच गडद रंगाचा आहे, किंवा पृष्ठभाग एकाच रंगाचा असून त्या जागी प्रकाश कमी पोहोचतो आहे. पहिला निष्कर्ष निघाला तर आपल्याला रंग दिसतो, दुसरा निघाला तर आकार दिसतो. हा निवाडा क्षणार्धात आणि आपल्या नकळत होतो, आणि तो करताना मेंदू काही ठरावीक गृहीतकांवर विसंबतो. त्यांतले सर्वांत पक्के गृहीतक असे की प्रकाश वरून येतो. मूळचे तमिळनाडूतील चेताशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी 1988 मध्ये नेचर या नियतकालिकात यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या वर्तुळाचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळसर असतो ते फुगीर दिसते, आणि ज्याचा खालचा भाग उजळ असतो ते खोलगट दिसते. कागद उलटा धरला की फुगवटे खळगे होतात आणि खळगे फुगवटे. सगळ्या दृश्याला उजळणारा प्रकाशस्रोत एकच आहे असेही मेंदू धरून चालतो, आणि ही दुसरी अट पुढे नाकाच्या बाबतीत कामाला येणार आहे.

प्राण्यांच्या अंगावर हाच हिशोब निसर्गाने उलट्या बाजूने मांडलेला आढळतो. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी 1896 मध्ये असे दाखवून दिले की अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते, त्यामुळे वरून पडणाऱ्या उजेडाने पाठीवर येणारी चमक आणि पोटाखाली पडणारी सावली एकमेकींना खोडून काढतात, शरीराची गोलाई हरवते आणि प्राणी सपाट होऊन पार्श्वभूमीत मिसळतो. कोकणातला बांगडा याचे उत्तम उदाहरण आहे; त्याची पाठ निळसर-हिरवी असते आणि पोट चंदेरी. जिथे सावली पडणार तिथे फिकट रंग, अशी ही लपण्याची युक्ती आहे. जिथे सावली पडते तिथेच थोडा गडद रंग लावणे, म्हणजे असलेला आकार ठळक करणे, हे काँटूरिंग झाले.

यातून जागेचा प्रश्न आपोआप सुटतो. चेहऱ्याचे गोल, लांबट, चौकोनी असे प्रकार पाडून प्रत्येकासाठी ठरावीक पट्टे दाखवणारे तक्ते सर्वत्र मिळतात, पण मला त्यांचा फारसा उपयोग दिसत नाही, कारण सावली चेहऱ्याच्या बाह्यरेषेवरून ठरत नाही. ती हाडांच्या उंचसखलपणावरून ठरते. आरसा घेऊन वरून एकच दिवा असलेल्या जागी उभे राहावे, हनुवटी किंचित खाली करावी आणि स्वतःच्या चेहऱ्यावर सावली कुठे पडते ते पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत ती गालाच्या हाडाच्या लगेच खाली, कानाच्या बाजूला सर्वांत गडद असते आणि ओठांच्या दिशेने येताना विरत जाते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली येईपर्यंत ती जवळपास संपलेली असते. जबड्याच्या कडेखाली आणि कपाळाच्या बाजूंना केसांलगत अशीच फिकी सावली असते. रंग तिथेच, तेवढाच आणि त्याच उतरणीने लावला तर मेंदूला शंका घ्यायला जागा राहत नाही. गालाच्या मधोमध, हाडाच्या पुष्कळ खाली ओढलेला पट्टा मात्र वरून येणाऱ्या कोणत्याही उजेडाने पडू शकत नाही. तो कितीही मऊ केला तरी चेहरा ओढल्यासारखा, आजारी दिसतो.

आता कडेकडे वळू. वक्र पृष्ठभागावर उजेड हळूहळू कमी होत जातो, त्यामुळे गालावरच्या नैसर्गिक सावलीला सुरुवात आणि शेवट नेमका दाखवता येत नाही. रंगाच्या डागाची कड बहुधा स्पष्ट असते, म्हणून स्पष्ट कड दिसताच मेंदू डागाच्या बाजूने कौल देतो. कड किती मऊ हवी हे पाहणाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते आणि ते मोजताही येते. निरोगी डोळा साधारणपणे 1 कोनीय मिनिटाएवढा (एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा) बारकावा वेगळा ओळखतो. 10 मीटर अंतरावर याचा अर्थ सुमारे 3 मिलिमीटर होतो, तर अर्ध्या मीटरवर 0.15 मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी. नाट्यगृहात दहाव्या-बाराव्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी रंगभूषाकाराने ओढलेली ठळक रेघ अंतरामुळेच मऊ होते. कार्यालयात समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तीच रेघ रेघ म्हणूनच दिसते. रंगमंचावरचे तंत्र जसेच्या तसे रोजच्या चेहऱ्यावर उतरवले की ते फसते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. रोजच्या वापरासाठी ब्रश मोठा आणि विरळ केसांचा असावा, त्यावरची जास्तीची पावडर झटकून टाकावी, आणि सर्वांत गडद भाग कानाजवळ ठेवून तिथून पुढे हलक्या हाताने रंग पसरवत न्यावा. शेवटी रंग न लागलेल्या स्वच्छ ब्रशने फक्त कड पुसट करण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा अर्धा मिनिट तोच असतो.

कड जमली तरी रंग चुगली करू शकतो. कृष्णधवल चित्रपटांच्या काळात ही अडचण नव्हती, कारण पडद्यावर फक्त उजळपणातला फरक पोहोचत असे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी अभिनेत्री मार्लेना डीट्रिश यांच्या चेहऱ्यावर समोरून उंचावरून दिवा टाकून गालांच्या हाडांखाली जी सावली मिळवली, तिची नक्कल कोणत्याही छटेच्या गडद रंगाने पडद्यावर चालून गेली असती. प्रत्यक्षात मात्र रंग दिसतो, आणि सावलीचा रंग कसा बदलतो याची मेंदूला आयुष्यभराची सवय असते. सावलीत त्वचेवरून परतणारा प्रकाश सगळ्याच तरंगलांबींमध्ये जवळपास सारख्या प्रमाणात कमी होतो. बाहेर मोकळ्यावर तर सावलीत आकाशाचा निळसर उजेड मिसळत असल्याने ती किंचित थंड छटेची होते. उन्हाने रापलेल्या त्वचेचे तसे नसते. तिथे त्वचेला गडद रंग देणारे मेलॅनिन वाढलेले असते आणि मेलॅनिन निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा बराच जास्त शोषते, म्हणून रापलेली त्वचा नुसती गडद न होता पिवळट-तांबूसही होते.

ब्रॉन्झर आणि काँटूर यांतला फरक इथे आहे, आणि दुकानातल्या काउंटरवर तो क्वचितच कोणी समजावून सांगते. ब्रॉन्झर रापलेपणाची नक्कल करतो, तेव्हा त्याची जागा ऊन जिथे पडते तिथे: कपाळाचा वरचा भाग, गालाच्या हाडाची वरची बाजू, नाकाचा दांडा. काँटूर उजेड न पोहोचण्याची नक्कल करतो. तांबूस, चमकी असलेला ब्रॉन्झर गालाच्या हाडाखाली लावला की मेंदूपुढे विसंगती उभी राहते, कारण जिथे ऊन कमी लागणार तीच जागा उन्हाने रापल्यासारखी दिसते. काँटूरची छटा स्वतःच्या त्वचेपेक्षा एक किंवा फार तर दोन पायऱ्या गडद, तिच्याच रंगकुळातली पण कमी तांबूस आणि पूर्ण मॅट, म्हणजे चमक नसलेली असावी.

या छटा बनवणारी द्रव्ये आपल्या ओळखीची आहेत. पिवळा, लाल आणि काळा हे लोहाचे तीन ऑक्साइड आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या मिश्रणातून फाउंडेशन आणि काँटूरच्या बहुतेक छटा तयार होतात. त्यांतला लाल ऑक्साइड म्हणजे गेरूला रंग देणारे खनिज. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 2.7 आहे, त्वचेचा 1.4 ते 1.5. या मोठ्या फरकामुळे त्याचे कण प्रकाश जोरदार विखुरतात. गोऱ्या त्वचेवर हे खपून जाते, पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर त्याचे प्रमाण जास्त असलेली पावडर राखी झाक आणते. गोऱ्या त्वचेसाठी बनवलेला करडा काँटूर सावळ्या गालावर राख लागल्यासारखा का दिसतो, याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण इतकेच की तो त्या त्वचेपेक्षा मुळात गडद नसतो.

सावळ्या त्वचेबाबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्वचेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी सुमारे 3 ते 4 टक्के उजेड आत न शिरता पृष्ठभागावरूनच परततो आणि या परावर्तनाचा मेलॅनिनशी संबंध नसतो. उरलेल्यापैकी जो आत जाऊन विखुरला जाऊन बाहेर येतो, तो मात्र सावळ्या त्वचेत कमी असतो. परिणामी सावळ्या चेहऱ्यावर गालाच्या उंचवट्यावरची झळाळी आणि बाकीची त्वचा यांतला फरक मुळातच जास्त असतो, आणि आकार दाखवण्याचे बरेच काम ती झळाळीच करते. अशा वेळी आणखी गडद रंग शोधत बसण्यापेक्षा उंचवट्यावर अगदी थोडा हायलायटर, म्हणजे चमक देणारे प्रसाधन, लावणे अधिक परिणामकारक ठरते. हायलायटरमध्ये बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेले अभ्रकाचे पत्रे असतात. ते बारीक असले तर सलग चमक मिळते, मोठे असले तर प्रत्येक कण वेगळा चमकतो आणि ती त्वचेची झळाळी वाटत नाही.

नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघा ओढण्याचा मोह रोजच्या मेकअपमध्ये टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माणूस खिडकीजवळ बसला की नाकाची एकच बाजू सावलीत जाते. उजेडाकडच्या बाजूलाही काळसर पट्टा दिसला की एकाच प्रकाशस्रोताचे गणित बिघडते आणि पट्टा रंग म्हणून उघडा पडतो. गालाखालच्या सावलीचे असे होत नाही, कारण वरचा उजेड जवळपास सगळीकडे असतो. शिवाय आपले नाक रुंद आहे ही समजूत अनेकदा फोनने करून दिलेली असते. 2018 मध्ये जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी या नियतकालिकात आलेल्या एका गणिती प्रारूपानुसार, 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ 5 फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे 30 टक्के रुंद भासतो. कॅमेरा जवळ आला की चेहऱ्याचा पुढे आलेला भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो, एवढेच त्यामागचे कारण.

सकाळी बरोबर बसलेली छटा दुपारी गडद का दिसते, हाही नेहमीचा प्रश्न आहे. पार्लरमध्ये याला प्रॉडक्ट ऑक्सिडाइज झाले असे म्हणतात, पण लाल आणि पिवळ्या ऑक्साइडमधले लोह त्वचेवर आणखी ऑक्सिडीकृत होण्यासारखे उरलेलेच नसते. पावडरीच्या बाबतीत कारण बहुधा अधिक साधे असते. कोरड्या पावडरीत कणांमध्ये हवा असते. हवेचा अपवर्तनांक 1 आणि पावडरीतल्या टाल्क या खनिजाचा सुमारे 1.6, म्हणून कणाकणाला प्रकाश विखुरतो आणि पावडर उजळ दिसते. त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाचा अपवर्तनांक 1.5 च्या जवळ असल्याने ते कणांमधल्या फटी भरते तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा होतो, विखुरणे घटते आणि ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा काळसर दिसते तशी पावडर गडद होते. द्रवरूप फाउंडेशनमध्ये त्यातले उडून जाणारे द्रव निघून गेल्यावर रंगद्रव्याचा थर दाट होतो, हे त्यात भर घालते. तेलकट त्वचेवर, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, काँटूर सकाळी हवा त्यापेक्षा थोडा फिकटच लावावा. दुपारी पुन्हा पावडर लावण्याआधी टिश्यूने तेल टिपून घ्यावे, कारण तेलावर थेट पडलेली पावडर पडताक्षणी ओली होऊन तिथल्या तिथे चिकटते, ब्रशने पुढे सरकत नाही आणि ठळक कडेचे ठिपके तयार होतात.