‘जंक फूड’ नेमके कशाला म्हणायचे? ५ टक्क्यांच्या कसोटीची पार्श्वभूमी

‘जंक फूड’ हा शब्द अमेरिकी वर्तमानपत्रांत १९५०च्या दशकापासून आढळतो. तो १९७२ साली एका कार्यकर्त्याने घडवला असे अनेक ठिकाणी छापून येते, ते बरोबर नाही. त्याच्या प्रचारामुळे शब्द गाजला एवढेच. पोटात ऊर्जा जाते, पण अंगी लागेल असे काही जात नाही, हा या शब्दाचा मूळ रोख. म्हणजे तक्रार होती ती पदार्थात काय नाही याची. काय जास्त आहे, ही तक्रार नंतरची. पुढचा सगळा गुंता या फरकातून झाला.

बोलताना शब्द सैल असला तरी कुणाचे अडत नाही. नियम करायचा तर मात्र रेघ ओढावी लागते, आणि अमेरिकेतल्या शाळांसाठी ती ओढताना जे घडले ते मुळातून पाहण्यासारखे आहे. सरकारी अनुदानातल्या जेवणाशी स्पर्धा करणाऱ्या खाद्यविक्रीवर नियम करण्याचा अधिकार १९७० साली केंद्राकडे आला, १९७२ मध्ये तो राज्ये आणि स्थानिक शाळा-मंडळांकडे गेला, १९७७ मध्ये पुन्हा केंद्राकडे. १९८०च्या नियमात ‘जंक’ हा शब्द नव्हता. ‘किमान पोषणमूल्याचे पदार्थ’ असा सोवळा शब्दप्रयोग होता. प्रथिने, अ आणि क जीवनसत्त्वे, थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, कॅल्शियम आणि लोह हे ८ घटक निवडले गेले. दर १०० कॅलरींमागे आणि एका वाढपातही या आठांपैकी प्रत्येक घटक रोजच्या शिफारशीच्या ५ टक्क्यांहून कमी असेल, तरच पदार्थ किमान मूल्याचा ठरे.

‘प्रत्येक’ या एका शब्दात मेख होती. आठांपैकी एखाद्याच घटकाने ५ टक्के गाठले की पदार्थ सुटला. त्यामुळे यादीत उरले ते सोडायुक्त पेये, पाणी-साखरेचे बर्फपदार्थ, च्युइंग गम आणि गोळ्या-मिठायांचे काही प्रकार. बटाट्याचे चिप्स, चॉकलेटचे बार, डोनट बाहेर राहिले. कशात थोडे क जीवनसत्त्व, कशात थोडी प्रथिने. साखर, मीठ, चरबी किती, हे कसोटी विचारतच नव्हती. शिवाय आपला पदार्थ कसोटीला उतरतो असे दाखवून यादीतून सूट मागण्याची सोय उत्पादकांना होती. विज्ञानाचा आव आणून केलेली ही व्याख्या मुलांच्या हिताची नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातूनही जो निर्बंध उरला होता तो फार टिकला नाही. शाळा सुरू झाल्यापासून जेवणाची शेवटची पाळी संपेपर्यंत हे पदार्थ शाळेत कुठेच विकायचे नाहीत, असा १९८०चा नियम होता. शीतपेय उद्योग न्यायालयात गेला. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की जेवणाची वेळ आणि जागा यापलीकडे बंदी नेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. १९८५च्या सुधारित नियमात बंदी भोजनगृहापुरती आणि जेवणाच्या वेळेपुरती आक्रसली. केंद्राच्या नियमाला आता मार्गिकेतल्या यंत्रातून सोडा विकण्याचे वावडे नव्हते. या निकालावरच सारा राग काढला जातो, पण निकाल उलटा लागला असता तरी चिप्स सुटलेच असते. २०१४ मध्ये नवे निकष लागू झाले, तेव्हा कुठे मोजमापाची दिशा बदलली: खाऊच्या एका वाढपात जास्तीत जास्त २०० कॅलरी, वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंतच साखर, शिवाय चरबी आणि सोडियमवरही मर्यादा.

इतरत्र तोवर ‘जास्त काय आहे’ हा प्रश्न रुळला होता. ब्रिटनने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील जाहिरातींसाठी २००७ पासून गुणांकन वापरले. त्यात ऊर्जा, संपृक्त चरबी, साखर, सोडियम यांचे गुण एका बाजूला आणि फळे-भाज्या, तंतू, प्रथिने यांचे दुसऱ्या. हिशेब १०० ग्रॅमचा असल्याने चीज आणि मध नापास झाले, कृत्रिम गोडीची पेये पास झाली, आणि त्यावर बरेच वाद झाले. डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला, तो लोण्यालाही लागला. २०१३ उजाडताच रद्द. मेक्सिकोने २०१४ मध्ये अत्यावश्यक नसलेल्या आणि १०० ग्रॅममागे २७५ किंवा जास्त कॅलरी असलेल्या पदार्थांवर ८ टक्के कर बसवला. चिलीने २०१६ पासून वेष्टनावर काळे अष्टकोनी इशारे आणताना वरून घातलेली साखर, सोडियम वा संपृक्त चरबी असलेलेच पदार्थ कक्षेत घेतले. मला हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो, कारण सुकामेवा किंवा दूध त्यात विनाकारण अडकत नाही.

२००९ मध्ये ब्राझीलमधून आलेल्या वर्गीकरणाने मात्र प्रश्नच बदलला. तिथे घटकांचे प्रमाण मोजत नाहीत, पदार्थावर कारखान्यात काय प्रक्रिया झाली ते पाहतात. ‘अतिप्रक्रियायुक्त’ हा शब्द तिथला. साखर-मीठ बेताचे असलेला कारखान्यातला पावही, त्यात इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) असेल, तर या यादीत येतो आणि मर्यादांच्या यादीत येत नाही. घरी तळलेल्या खारट पदार्थाचे नेमके उलट. तरी बातम्यांत दोन्ही याद्यांना ‘जंक फूड’ हेच नाव दिले जाते, आणि झटपट हाती मिळते म्हणून ‘फास्ट फूड’ म्हटलेले सॅलडही त्याच शब्दाखाली ढकलले जाते.